चाळीस गॅलनचं बिऱ्हाड

ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही आमचं मोटारहोम विकलं. घेणारं जोडपं आमच्या ओहायोशेजारच्या इंडियाना राज्यातलं, नुकतंच निवृत्त झालेलं. त्यांच्या हाती आम्ही तीन गोष्टी दिल्या : किल्ल्या, गाडीची कागदपत्रं आणि एक वही. मूळ वही मराठीत होती. दहा वर्षं मी तिच्यात गाडीची प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक मुक्काम, पेट्रोलचा प्रत्येक थांबा लिहीत आले होते. गाडी त्यांच्याकडे जाणार आणि तिची कुंडली मात्र माझ्या कपाटात राहणार, हे मनाला पटेना. म्हणून विक्री ठरल्यावर तीन आठवडे बसून मी ती इंग्रजीत उतरवली. ते करताना दहा वर्षं पानापानाने पुन्हा समोर आली.

आम्ही दोघं मूळ सोलापूरचे. १९७६ साली ओहायोत आलो. हे स्थापत्य अभियंता, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. २०११ मध्ये दोघांच्याही नोकऱ्या संपल्या. आमच्या ओळखीतल्या मंडळींचा निवृत्तीचा बेत ठरलेला असे : हिवाळ्यात भारत, उन्हाळ्यात नातवंडं. आम्हालाही दोन्ही हवं होतं, पण मधला वेळही आपलासा वाटायला हवा होता. पस्तीस वर्षं ज्या देशात कर भरला, मुलं वाढवली, तो देश आम्हाला विमानाच्या खिडकीतून दिसला तेवढाच माहीत होता. मुलगी ऑरेगनला राहायची. तिच्याकडे एकदा तरी जमिनीवरून जाऊ, एवढाच सुरुवातीचा विचार होता.

इथे मोटारहोमचे तीन वर्ग मानतात. ए म्हणजे बसएवढं, बी म्हणजे उंच छपराची व्हॅन आणि सी म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर, ज्याचा एक भाग ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला असतो. आम्ही जून २०१२ मध्ये घेतलं ते सी वर्गातलं : फोर्डची ई-४५० चासी, दहा सिलिंडरचं इंजिन, २८ फूट लांबी, पाच वर्षं वापरलेलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं माझ्या सासूबाई सासऱ्यांच्या बदल्यांबद्दल नेहमी म्हणायच्या. त्यावरून ह्यांनी गाडीला पहिल्याच दिवशी ‘बिऱ्हाड’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे आहेत. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर. अंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची ३५. संडासाची ३५. या तीन आकड्यांनी आमची पुढची दहा वर्षं चालवली.

अमेरिकेत घरात एक माणूस दिवसाला साधारण ८० ते १०० गॅलन पाणी वापरतो. त्या हिशेबाने आमची टाकी एका माणसाला जेमतेम अर्धा दिवस पुरली असती. पहिल्या सफरीत ती दोघांना दीड दिवस पुरली. तिसऱ्या सफरीपर्यंत पाच दिवस पुरायला लागली. नवं काही शिकावं लागलं नाही, विसरलेलं आठवावं लागलं. सोलापूरच्या वाड्यात नळ पहाटे यायचा आणि तासाभरात जायचा. आई हंडे, कळश्या, पिंप भरून घ्यायची आणि दिवसभराचं पाणी तांब्याच्या मापाने खर्च करायची. तांदळाचं धुवण तुळशीला, हात धुतलेलं पाणी अंगणात. बिऱ्हाडात मी भांडी आधी कागदाने पुसून घ्यायला लागले, अंग भिजवून नळ बंद, साबण लावून पुन्हा चालू. ताटं घासताना एकदा हे म्हणाले, “अगदी आईंसारखी घासतेस.” मी त्या दिवशी बराच वेळ गप्प होते. चार बेडरूमच्या घरात पस्तीस वर्षं नळ सोडून भांडी धुतली होती. पाण्याचा धाक कुठे गेला होता, माझं मलाच कळलं नव्हतं.

तिसरा आकडा संडासाच्या टाकीचा, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. टाकी रिकामी करायच्या ठरलेल्या जागा असतात. हातमोजे घालायचे, तीन इंची जाड पाइप गाडीखालच्या तोंडाला जोडायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात. आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. कॅम्पमध्ये कायमची जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी साचून दगडासारखा होतो. टाकी भरेपर्यंत थांबायचं आणि एकदम सोडायचं. भिंतीवरचा मापक खरं सांगतोच असं नाही. आतल्या तारांवर मळ बसला की रिकामी टाकीही भरलेली दाखवतो.

हे काम आम्ही आळीपाळीने करायचो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी ६३ वर्षांची होते. आमच्या वाड्यामागच्या बोळात टोपलीचे संडास होते. रोज सकाळी एक बाई मागच्या दाराने यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन जायची. ती आली की आम्हा मुलांना आत बोलवत. तिचं नाव मला कधी कळलं नाही, कारण घरात कोणी ते विचारलं नव्हतं. आमच्या घराची घाण तिने वर्षानुवर्षं वाहिली आणि मी स्वतःच्या घरची घाण स्वतःच्या हाताने पहिल्यांदा उपसली ती साठी ओलांडल्यावर, रबरी मोजे घालून, वाहत्या नळाशेजारी उभं राहून. सप्टेंबर २०१३ मध्ये भारताच्या संसदेने हाताने मैला वाहून नेण्याची प्रथा बंद करणारा नवा कायदा केला. ती बातमी आम्ही टेनेसीतल्या एका कॅम्पमध्ये वाचली. तेव्हापासून कोकणात हे काम स्वतः हाती घेणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांबद्दल मिळेल ते वाचत गेले. कणकवलीच्या त्यांच्या गोपुरी आश्रमाचं नाव लहानपणी ऐकलं होतं, पण त्यांनी काय ओलांडलं होतं ते कळायला मला तो पाइप हातात धरावा लागला.

घरात ज्या गोष्टी भिंतीआड आणि जमिनीखाली होतात, त्या बिऱ्हाडात डोळ्यांसमोर होत होत्या. पाणी, घाण, वीज, गॅस, वजन : सगळं आम्ही बरोबर नेत होतो, म्हणून सगळं दिसत होतं. मला या दहा वर्षांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

देखभालीची पानं वहीत सगळ्यांत जास्त आहेत. फ्रिजचंच घ्या. या गाड्यांमधल्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने अमोनियाचं द्रावण तापतं, वाफ वर जाते, थंड होते आणि आपल्या वजनाने वाहत खाली येते. गाडी तिरकी उभी असेल तर हा प्रवाह अडतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. त्यामुळे मुक्कामाला पोचलं की पहिलं काम पाणसळ लावणं. हे आतल्या जमिनीवर पाणसळ ठेवायचे, मी बाहेर चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवायचे, हे गाडी इंच इंच पुढे घ्यायचे. बुडबुडा मधे आला की ते काचेवर टकटक करायचे. ती टकटक झाल्याशिवाय चहाचं आधण ठेवलं नाही.

टायरचा धडा महागात पडला. टायरच्या बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरांवर ०५०७ होतं, म्हणजे २००७ चा पाचवा आठवडा. नक्षी खोल होती, म्हणून आम्ही निर्धास्त. मोटारहोमचे टायर झिजून जात नाहीत, उन्हाने आणि उभं राहून आतून जुने होतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. जुलै २०१४ मध्ये नेब्रास्कात, भर दुपारी, मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक फुटलं. रबराच्या पट्टीने चाकावरचा पत्रा आणि त्यामागची सांडपाण्याची नळी फाडली. ह्यांनी ब्रेकवर पाय न देता स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली. दोघांनाही खरचटलं नाही. पुढच्या आठवड्यात सहाही टायर बदलले आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : नक्षी बघू नये, वय बघावं.

ओहायोचा हिवाळा हा आणखी एक वार्षिक संस्कार. ज्या वर्षी दक्षिणेला जायचं नसेल, त्या वर्षी ऑक्टोबरात नळांमधलं सगळं पाणी काढून टाकायचं. सहा गॅलनचा बंब रिकामा करून त्याला वळसा द्यायचा. मग मोटारहोमसाठी मिळणारा बिनविषारी गुलाबी द्रव पंपाने नळांमध्ये ओढायचा. मोटारीच्या रेडिएटरमधला हिरवा द्रव विषारी, तो इथे कधीही चालत नाही. प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं, मोरीच्या जाळीतही पेलाभर ओतायचं. एक नळ विसरलात की वसंतात भिंतीच्या आत पाइप फुटलेला सापडतो.

प्रवासाची पानं मी इंग्रजी वहीत घातली नाहीत. ती गाडीची नव्हती, आमची होती. वसंत २०१३ मध्ये नॅचेझ ट्रेस केला : नॅशव्हिलजवळून मिसिसिपीतल्या नॅचेझपर्यंत ४४४ मैलांचा रस्ता, मालवाहू ट्रकांना बंदी, वाटेत ना जाहिरातीचा फलक, ना हॉटेल. आम्ही तो ११ दिवसांत केला. २०१४ मध्येच, टायर बदलल्यावर, कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ओलांडला. तो ११,००० फुटांहून उंच आहे. पलीकडच्या लांब उतारावर ह्यांनी ब्रेक तापू दिला नाही. खंबाटकीत ट्रकवाल्यांकडून ऐकलेला नियम होता : ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. युटामधल्या झायन उद्यानात १९३० चा एक मैलाहून लांब बोगदा आहे. तो त्या काळच्या मोटारींसाठी कोरलेला. आमच्यासारख्या रुंद गाडीसाठी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवत आणि आम्ही रस्त्याच्या बरोबर मधून जायचो. डोंगराच्या पोटात कोरलेल्या खिडक्यांतून उजेडाचे चौकोन एकामागून एक अंगावर येत होते. त्या दिवशीचं वहीतलं वाक्य एकच आहे : “आज दोघंही बोललो नाही.”

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी दोन कोरड्या गोष्टी. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा आजन्म पास ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतो. आम्ही तो १० डॉलरला घेतला, ऑगस्ट २०१७ पासून तो ८० झाला. तरीही त्याने कित्येक सरकारी कॅम्पांचं भाडं निम्म्यावर येतं. दुसरी गोष्ट मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची. तिच्या काही योजना आपल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्याच चालतात. आम्ही मूळ सरकारी मेडिकेअर आणि तिला जोडणारा पूरक विमा ठेवला. न्यू मेक्सिकोत ह्यांच्या छातीत दुखलं त्या रात्री हा निर्णय कामी आला. दुखणं स्नायूंचं निघालं.

२०१५ पासून पाच हिवाळे ॲरिझोनात क्वार्टझसाइटला काढले. वाळवंटातलं छोटं गाव, पण थंडीत हजारो मोटारहोम तिथे उतरतात. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचा परवाना तेव्हा १८० डॉलरला मिळायचा. विजेची जोडणी नाही. तिथल्या ला पोसा भागात पाण्याचा नळ आणि टाकी रिकामी करायची सोय होती, बाकी ज्याचं त्याने बघायचं. छपरावर सौर पॅनेल होती, खाली बॅटऱ्या. शेजारी मिनेसोटाचे एक निवृत्त ट्रकचालक होते. त्यांनी मला बॅटरीत शुद्ध पाणी कुठवर घालायचं आणि अर्ध्याखाली ती का उतरू द्यायची नाही, हे हाताला धरून शिकवलं. मी त्यांना थालीपीठ शिकवलं. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी नेहमी बरोबर ठेवायची. महिनाभर टिकते, फ्रिज लागत नाही, पाणी लागत नाही. वाळवंटात रात्री थंडी पुढच्या काचेतून आत यायची, म्हणून ड्रायव्हरच्या सीटमागे आम्ही सोलापुरी चादर टांगायचो. संक्रांतीला मी १६ गाड्यांच्या दारात तिळगूळ दिला. तिसऱ्या वर्षी लोक स्वतःहून विचारायला आले, यंदा ते तिळाचे लाडू कधी?

२०१६ च्या वसंतातली पानं डागाळलेली आहेत, तो डाग सीलंटचा आहे. सी वर्गाच्या गाड्यांचं दुखणं ठरलेलं असतं. डोक्यावर पुढे आलेल्या भागाच्या कोपऱ्यातला सांधा उन्हा-पावसाने उघडतो. आम्हीही दोन वर्षं छपरावर नीट हात फिरवला नव्हता. पलंगाच्या कोपऱ्यात चादर बदलताना भिंत बोटाखाली दबली. पट्टी उकलली तर आतलं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. दुरुस्तीच्या एका दुकानाने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. ह्यांनी घरासमोर शिडी लावली. सहा आठवडे आम्ही कुजलेले दांडे काढले, नवे बसवले, वाळून तडकलेला जुना सीलंट खरवडला, नवी ब्युटिल पट्टी दाबली, वर सीलंटची धार सोडली. संध्याकाळी बागेच्या नळीने पाणी मारायचं आणि आत मी कोपऱ्याला तळहात लावून बसायची. चौथ्या संध्याकाळी तळहात कोरडा राहिला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी शिडी, छप्पर, हात. एकदाही चुकवलं नाही.

मार्च २०२० मध्ये आम्ही क्वार्टझसाइटलाच होतो. एकामागून एक कॅम्प बंद होऊ लागले. ओहायोपर्यंतचे सुमारे २००० मैल आम्ही चार दिवसांत कापले. स्वतःची मोरी, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा बिछाना. पेट्रोलपंपाशिवाय कुठेही पाय खाली ठेवला नाही. मुलीने फोनवर विचारलं, “सुखरूप आहात ना?” आणि त्या दिवसांत ते आम्ही मनापासून हो म्हणून सांगू शकलो. मग सगळ्या देशानेच मोटारहोमकडे धाव घेतली. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही, म्हणजे मोटारहोम आणि गाडीमागे ओढायची घरं, बाहेर पडल्या, तोवरचा विक्रम. कॅम्पच्या जागा सहा-सहा महिने आधी भरू लागल्या. संध्याकाळी जिथे वाटेल तिथे वळायचं, ते दिवस सरले.

पण आम्ही थांबलो ते शिडीमुळे. जुलै २०२२ मध्ये हे ७६ वर्षांचे होते. छपराच्या तपासणीला चढताना तिसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा थरथरला. ते खाली उतरले आणि शिडीला पाठ लावून उभे राहिले. मी चढते म्हटलं, तर म्हणाले, “तुलाही आता नको.” गाडी चालवायला त्यांना अजून जमत होतं. पण ज्या छपरावर आपला हात पोचत नाही, ते छप्पर कधीतरी गळणारच, हे आम्ही दोघंही जाणून होतो. त्याच रात्री जेवताना विकायचं ठरलं.

हिशेब मांडते. दहा वर्षांत ६८,००० मैल. गॅलनला नऊ मैलांप्रमाणे साडेसात हजार गॅलन पेट्रोल. देखभालीला वर्षाकाठी सरासरी तीन हजार डॉलर, शिवाय विमा. हॉटेलांतून फिरलो असतो तर खर्च जवळपास तेवढाच झाला असता. पैसे वाचवायला कोणी मोटारहोम घेऊ नये. आम्ही पाणी वाचवलं, पण पेट्रोल जाळलं, आणि तो आकडा माझ्या मनावर आहे. त्या बदल्यात घराचं खरं माप कळलं. आता आमच्या ओहायोच्या घरात मी नळ सोडून भांडी धूत नाही. आमचा कचरा नि मैला कुठल्या प्रक्रिया केंद्रात जातो, हे गावाच्या कार्यालयात जाऊन विचारून आले. तिथे काम करणाऱ्या माणसांची नावंही विचारली.

वही इंग्रजीत उतरवताना एका शब्दाशी मी दोन दिवस अडले. मराठीत मी सगळीकडे ‘ओल बघणे’ लिहिलं होतं. इंग्रजीत मिळत होते ते शब्द यंत्राने मोजायच्या पाण्याचे होते. ओल ही डोळ्यांच्या आधी हाताला कळते. शेवटी तो शब्द सोडून दिला आणि कृतीच लिहिली : दर तीन महिन्यांनी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना तळहात लावा, श्वास रोखून दहापर्यंत मोजा.

एप्रिल २०२३ मध्ये त्या इंडियानाच्या बाईंचा फोटो आला. शिडीवर उभ्या, हात कोपऱ्यावर टेकलेला, डोळे मिटलेले. खाली एक ओळ : दहापर्यंत मोजलं, कोरडं आहे.